पेन्शनर समजुती

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग घालून आत गेलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. वर्गात पावसाळ्यात चिखलाचे पाय घेऊन बसलेलं चालायचं, प्रयोगशाळेत फरशीवर आम्ल सांडलेलं चालायचं, पण या खोलीत चप्पल म्हणजे अब्रह्मण्यम्! आत एसी असायचा. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि यंत्राला एसी, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. उलट मार्चच्या उन्हात काही शिक्षकांना अचानक संगणक शिकायची ओढ लागायची. ‘धूळ आत गेली की हार्डडिस्क गेलीच’ असं सर बजावत, आणि ज्या मुलांनी हार्डडिस्क जन्मात पाहिलेली नव्हती ती तिच्या प्रकृतीसाठी अनवाणी चालत.

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त शिळं होतं. 1956 मध्ये आयबीएमने पहिली हार्डडिस्क बाजारात आणली तेव्हा तिचं वजन टनाच्या घरात होतं. 24 इंचांच्या 50 तबकड्या, आणि त्यात मावायची 50 लाख अक्षरं; आज फोनवर काढलेला एखादा फोटो तीत जेमतेम बसेल. पुढे साठच्या दशकात तबकड्यांची चवड हाताने उचलून यंत्रात बसवायची आणि काम झालं की काढून फडताळात ठेवायची, अशी पद्धत आली. या तबकड्यांना खोलीतली हवा लागायची आणि हवेतली धूळही. तेव्हा चपला बाहेर काढायला लावणारा माणूस शहाणाच होता. पण 1973 मध्ये त्याच कंपनीने मजकूर लिहिणारं-वाचणारं हेड आणि तबकड्या मिळून एका बंद डब्यात घातल्या, आणि पुढच्या हार्डडिस्क त्याच वळणावर गेल्या. चपलांशी त्यांचा संबंध तिथेच संपला. फक्त संबंध संपल्याचं चपलांना कुणी कळवलं नाही. (धुळीने पंखे तुंबतात, फ्लॉपी खराब होते, हे मान्य. पण शपथ घातली जायची ती हार्डडिस्कची.)

हार्डडिस्कविषयीच्या चुकीच्या समजुती मी हौसेने ऐकतो. दुरुस्तीच्या दुकानात, सोसायटीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही त्या भेटतात. बऱ्याच ऐकल्यावर लक्षात आलं, की सांगणारा माणूस अडाणी क्वचितच असतो. तो सांगतो ती गोष्ट कधीकाळी, कुठल्या तरी यंत्राच्या बाबतीत, अगदी खरी होती. ती समजूत रीतसर नोकरी करून निवृत्त झालेली असते. पण सवय जात नाही, म्हणून रोज डबा घेऊन ऑफिसात येऊन बसते. आणि नव्या पोरांना कामं सांगते.

चुंबकाची धास्ती हा त्यांतला सर्वांत ज्येष्ठ पेन्शनर. फ्लॉपीजवळ चुंबक नेला की त्यावरची फाइल जायची, कॅसेटवरचं गाणं बिघडायचं, हे खरंच होतं. हार्डडिस्कच्या तबकडीवरही चुंबकीय थरच असतो, म्हणून तोच नियम तिलाही लागला. मग डिस्कजवळ मोबाइल ठेवू नका, स्पीकर ठेवू नका, फ्रिजवर लावायचा तो टोमॅटोच्या आकाराचा चुंबकही लांब ठेवा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या पोराने माझ्यासमोर एक मेलेली डिस्क उघडली. झाकण काढताना म्हणाला, “काका, बोटं सांभाळा हं.” मला वाटलं काही धारदार असेल. आत निओडिमियमचे दोन चुंबक निघाले. एकमेकांना असे चिकटलेले, की मध्ये बोट सापडलं असतं तर काळंनिळं झालं असतं. हेडचा दांडा हलवायला ते लागतात. तबकड्यांपासून बोटभर अंतरावर, डिस्कचं सगळं आयुष्य ते तिथेच राहतात. चुंबक जवळ असल्याने डिस्क पुसली जात असती, तर ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधीच कोरी झाली असती.

तबकडीवरच्या कणांना फिरवायला फार जोर लागतो, आणि चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. हेडला ते जमतं, कारण ते तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर असतं. टोमॅटो तिथवर पोचत नाही. डिस्क चुंबकानेच पुसायची असेल तर त्यासाठी वेगळी, चांगली दणकट यंत्रं मिळतात. पण त्यातून काढलेली आजची डिस्क पुन्हा वापरता येत नाही. हेडला वाट दाखवायला कारखान्यात लिहिलेल्या खुणाही पुसल्या जातात आणि बिचारीला आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं.

काही नॅनोमीटर म्हणजे किती, हे सांगताना गवतावरून उडणाऱ्या विमानाचा दाखला द्यायची प्रथा आहे. मी तो देणार नाही. दर वेळी विमान अधिकाधिक मोठं होत जातं. माणसाचा केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो, एवढं पुरे. आणि वेग? मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या नेहमीच्या डिस्कची बाहेरची कड तासाला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असते. एक्स्प्रेसवेवर या वेगाला पावती फाटते.

इथे पुढची समजूत येते: इतकं नाजूक प्रकरण, म्हणजे डबा हवाबंद आणि आत निर्वात पोकळी असणार. ती नसते. हेड तरंगतं तेच मुळी हवेवर. फिरणारी तबकडी हवा ओढून घेते आणि त्या हवेच्या पातळ थरावर हेड उचललं जातं. हवा काढून घ्या, हेड तबकडीवर आदळलंच. म्हणून नेहमीच्या डिस्कला एक बारीक भोक असतं, आतून गाळणी लावलेलं, आणि शेजारी इंग्रजीत ताकीद असते की हे भोक झाकू नका. ही ताकीद वाचून त्यावर आवर्जून चिकटपट्टी लावणारे लोक आपल्यात आहेत. धूळ जाऊ नये म्हणून.

हवेवर तरंगायचं तर हवा पुरेशी दाट हवी. त्यामुळे साध्या डिस्क समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 मीटर उंचीपर्यंतच चालवाव्यात, असं बनवणारे सांगतात. लेह शहर 3500 मीटरवर आहे, तेव्हा लडाखला डिस्क घेऊन जाणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. महाराष्ट्रात आपल्याला काळजी नाही. कळसूबाई 1646 मीटर. शिखरावरच्या देवळाशेजारी बसून कुणी लॅपटॉप उघडला तरी धाप त्याला स्वतःला लागेल, डिस्कला नाही.

यातल्या ‘हवाबंद’ समजुतीचं नशीब मात्र उलटं निघालं. ती आधी चूक होती आणि नंतर बरोबर ठरली. 2013 मध्ये एचजीएसटी या कंपनीने आत हेलियम भरून खरोखरच बंद केलेली 6 टेराबाइटची डिस्क आणली. हेलियम हवेपेक्षा कितीतरी विरळ, त्यामुळे तबकड्यांना फिरताना अडथळा कमी, थरथर कमी आणि विजेची भूकही कमी. त्याच उंचीच्या डब्यात सात तबकड्या मावल्या. भोक गेलं. चिकटपट्टीवाल्यांना नियतीने दिलेला हा न्याय मला मनापासून आवडतो.

थंडाव्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यात फ्रीझर येतो. बिघडलेली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि सकाळी जोडायची, हा उपाय चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी मला सांगितला आहे. जुन्या डिस्कमधले अडकलेले भाग थंडीने आकसून सुटतील, अशी त्यामागची अटकळ. बाहेर काढल्यावर काय होतं ते, आइस्क्रीमचा डबा पावसाळ्यात टेबलावर ठेवून पाहिलेल्याला सांगायला नको. जिथे नॅनोमीटरचा हिशोब आहे तिथे दवाचे थेंब म्हणजे महापूर. मटार राहतात, फोटो जातात. आणि चालत्या डिस्कला तरी गारवा मानवतो का? गूगलच्या तिघा संशोधकांनी 2007 मध्ये कंपनीच्या एक लाखाहून जास्त डिस्कची नोंद तपासली. डिस्क जितकी थंड तितकी टिकाऊ, असं काही त्यांना आढळलं नाही. सर्वांत थंड राहिलेल्या डिस्कमध्येच बिघाडाचं प्रमाण जास्त होतं. शाळेच्या त्या एसीचा खरा लाभार्थी कोण होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

थाप मारण्याचा उपाय त्या मानाने खानदानी. ऐंशीच्या दशकातल्या काही डिस्कमध्ये, यंत्र बंद असताना हेड तबकडीवरच टेकून राहायचं, आणि दोन्ही पृष्ठभाग इतके गुळगुळीत, की कधी कधी ते तिथेच चिकटून बसायचं. मग चालू करताना तबकडी फिरेना. अशा वेळी जाणकार माणूस डिस्क हातात घेऊन मनगटाने एक बेताचा हिसका द्यायचा, आणि ती गुणगुणायला लागायची. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीने टीव्हीला दिलेली वागणूक इथे थोडी तरी शास्त्रशुद्ध होती. आताच्या डिस्क बंद होताना हेड तबकडीवरून उचलून बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवतात. चिकटण्याचा प्रश्नच मिटला. थाप शिल्लक आहे, आणि चालू डिस्कवर मारली तर ती शेवटची ठरू शकते.

पण पडली, आपटली, भाजली म्हणजे सगळं गेलं, हेही तितकंसं खरं नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये कोलंबिया यान परतताना आकाशात तुटलं, कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. यानातल्या एका प्रयोगाची हार्डडिस्क पुढे टेक्सासमध्ये एका कोरड्या तलावाच्या तळाशी सापडली. जळकी, वेडीवाकडी, धातूचा गोळा वाटावा अशी. तज्ज्ञांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के मजकूर परत मिळवला. झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता मजकूर जाण्याविषयी. ‘डिलीट केलं’ म्हणजे पुसलं, ही समजूत कधीच कुठल्या नोकरीत नव्हती. ती पहिल्यापासून बिनपगारीच. डिलीट केल्यावर फाइल कुठे आहे त्याची नोंद तेवढी काढली जाते आणि ती जागा मोकळी समजली जाते. मजकूर तिथेच असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. झटपट फॉरमॅटही मुख्यतः नोंदवहीच नवी करतो. ‘फॉरमॅट मारलाय’ असं छाती पुढे काढून सांगत लोक जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याला देतात. एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी अशा 158 जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 मध्ये त्यावर लिहिलं. चालणाऱ्या 129 निघाल्या, त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त 12. बाकीच्यांवर लोकांची पत्रं, दवाखान्यांची कागदपत्रं, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक.

हे ऐकून घाबरलेला माणूस सरळ दुसऱ्या टोकाला जातो: एकदा पुसून भागत नाही, 35 वेळा पुसायला हवं. हा 35 चा आकडा हवेतून आलेला नाही. न्यूझीलंडचे पीटर गटमन यांनी 1996 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. तोवर वापरात असलेल्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कवर मजकूर वेगवेगळ्या रीतीने नोंदला जायचा. त्या सगळ्यांसाठी लागणारे नमुने एकत्र केले तर ते 35 भरले. एकाच डिस्कला सगळे लावा, असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. पण लोकांनी ते अनुष्ठान म्हणून उचललं. शेवटी गटमन यांनाच पुढे लिहावं लागलं की याला मंत्रतंत्र समजू नका. आजच्या हार्डडिस्कला सगळीकडून एकदा नीट पुसणं पुरतं. तरी मोठ्या डिस्कवर 35 आवर्तनं लावून ठेवणारे लोक मला माहीत आहेत. ते कित्येक दिवस चालतं. मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून.

दुकानात जाऊन 1 टेराबाइटची डिस्क आणावी, जोडावी, आणि कॉम्प्युटरने 931 गिगाबाइट दाखवावेत. ‘मापात पाप’ हा शब्द तोंडात येणारच. सोसायटीतल्या एका आजोबांचा ठाम समज आहे की उरलेली जागा कंपनी स्वतःसाठी राखून ठेवते. कशासाठी ते मात्र सांगत नाहीत, नुसते सूचक हसतात. खरं तर इथे कुणीच खोटं बोलत नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो, म्हणून त्याचा टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्यं. विंडोज 1024 च्या पटीने मोजतं आणि नाव मात्र तेच लावतं. किलोला हा फरक 2.4 टक्के, गिगाला 7.4, टेराला जवळजवळ 10. डिस्क मोठी तितकी हळहळ मोठी. ॲपलने 2009 पासून आपल्या कॉम्प्युटरांत हजाराचा हिशोब धरला, त्यामुळे तीच डिस्क तिथे जोडली की हरवलेली जागा परत येते आणि मनुष्य उगाच ॲपलचे आभार मानतो. अमेरिकेत हे भांडण कोर्टात गेलं होतं. वेस्टर्न डिजिटलविरुद्धच्या दाव्यात 2006 मध्ये तडजोड झाली, आणि ग्राहकांना नुकसानभरपाई म्हणून काय देऊ केलं? बॅकअप घेण्याचं सॉफ्टवेअर. म्हणजे जागा कमी भरली, तर तीत आणखी काही भरायची सोय.

खोक्यावरचा दुसरा आकडा मात्र कुणी वाचत नाही हेच बरं. काही डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडापर्यंतचा सरासरी काळ 10 लाख तास असा दिलेला असतो. भागाकार केला तर 114 वर्षं. हार्डडिस्कचा शोध लागून अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत. तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसतोच. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर नऊएक जातील, इतकाच त्याचा अर्थ. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 2007 मध्ये मोठ्या केंद्रांतल्या डिस्क मोजल्या, तेव्हा दर शेकडा दोन ते चार जाताना सर्रास दिसल्या; काही ठिकाणी 13 पर्यंत. आणि जायच्या आधी सूचना मिळेल म्हणावं, तर गूगलच्या त्या पाहणीत गेलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त डिस्कनी आपल्या तब्येतीच्या नोंदवहीत एकही तक्रार लिहिलेली नव्हती.

इतक्या चुकीच्या गोष्टी ऐकल्यावर माणूस खऱ्यावरही विश्वास ठेवेनासा होतो. ‘डिस्कवर ओरडू नका’ असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला याच यादीत टाकलं असतं. पण सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरने 2008 च्या अखेरीस, डिस्कच्या रांगेपुढे तोंड नेऊन जीव खाऊन ओरडून दाखवलं, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्क मंदावल्याचा सुळका उठला. कंपनाने हेड वाटेवरून ढळतं, पुन्हा प्रयत्न करतं, वेळ जातो. 2016 मध्ये बुखारेस्टच्या आयएनजी बँकेत आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालू होती. वायू सुटला तो इतक्या आवाजात, की कित्येक डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार कितीतरी तास ठप्प. आग लागलीच नव्हती. त्याहून वर म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी 2022 मध्ये सांगितलेली हकीकत: जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ हे 1989 चं गाणं वाजवलं की एका कंपनीचे लॅपटॉप बंद पडायचे, आणि शेजारचा, गाणं न वाजवणारा लॅपटॉपही पडायचा. गाण्यातला एक स्वर 5400 फेऱ्यांच्या त्या डिस्कच्या स्वतःच्या कंपनाशी नेमका जुळत होता. कंपनीने शेवटी तेवढा स्वर गाळणारी व्यवस्था लॅपटॉपमध्ये बसवली. आपल्या विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर असा प्रयोग कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तिथे माणसांच्याच छातीतलं हेड जागेवर राहत नाही.

हार्डडिस्क आता घरांतून हळूहळू चालली आहे. आपण ‘क्लाउडवर’ टाकलेल्या फोटोंमागे मोठमोठ्या इमारतींत तिच्या रांगाच्या रांगा फिरत असतात, त्यातल्या काही इमारती नवी मुंबईत ऐरोली-महापेला. पण टेबलावर तिची जागा एसएसडीने घेतली. शेजारच्या काकांच्या कॉम्प्युटरमध्येही गेल्या दसऱ्याच्या आधी ती बसली. जुनी डिस्क काढून त्यांनी आधी तिला हळदकुंकू वाहिलं, मग नवीला. बसवायला आलेल्या मुलाने समजावलं, “काका, हिच्यात फिरणारं काही नाही. तबकडी नाही, हेड नाही. आवाज येणार नाही, धक्क्याचीही फारशी भीती नाही.”

“चुंबक?”

“चुंबकाने काही होत नाही हिला.”

काकांनी मान डोलावली आणि स्पीकर वीतभर पलीकडे सरकवला.

“मग डीफ्रॅग किती दिवसांनी करायचं?”

“करायचंच नाही काका. तुकडे विखुरले असले की ते गोळा करायला हेडला इकडेतिकडे पळावं लागायचं, म्हणून पूर्वी करायचो. आता पळायला कोणी नाहीच. उलट उगाच लिहून लिहून हिचं आयुष्य कमी होतं.”

काकांचा चेहरा उतरला. विंडोज 98 पासून रविवारी दुपारी जेवण झालं की डीफ्रॅग लावायचं आणि खुर्ची ओढून, निळे-लाल चौकोन एकेक करून जागेवर बसताना बघत राहायचं, हा त्यांचा नेम होता. मुलगा स्क्रू आवळत होता. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “जुनी डिस्क नेऊ नकोस. तिला एक खोकं मिळतं ना बाहेरून जोडायचं, ते आण.”